फिक्यात दाखवा

गुरुत्वाकर्षण वस्तूला सरळ खाली ओढतं, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. स्वस्त आयशॅडोला ते तिरकं ओढतं. भाचीच्या लग्नाच्या सकाळी साडेसात वाजता मी मोरपंखी रंग उजव्या पापणीवर लावला आणि तो डाव्या गालावर पडला. झटकायला गेले तर पसरला, पुसायला गेले तर चोळला गेला. शेवटी आरशात जी बाई उभी राहिली, तिला कुणीही बाजूला घेऊन "घरी सगळं ठीक आहे ना?" असं विचारलं असतं. आणि ज्याच्यावर संशय गेला असता तो बिचारा दाराबाहेर उभा राहून तिसऱ्यांदा विचारत होता, "झालं का?"

माझ्या चेहऱ्यात डोळे तेवढे बरे आहेत. हे मी स्वतःहून म्हणत नाही. 1991 साली कॉलेजच्या एकांकिका स्पर्धेत परीक्षकांनी म्हटलं होतं. "डोळे बोलके आहेत, आवाज मात्र तिसऱ्या रांगेच्या पुढे येत नाही," असं ते अख्खं वाक्य. त्याचा उत्तरार्ध मी त्याच दिवशी हॉलवर सोडून आले. पूर्वार्धावर आजतागायत गुजराण चालली आहे. आधार कार्डाचा फोटो काढतानासुद्धा मी डोळे बोलके ठेवले होते. फोटोत ते ओरडताना आलेत.

तर अशा डोळ्यांसाठी मी आयशॅडो घेतली ती डोंबिवलीहून सुटणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये, लेडीज डब्यात. "ताई, अठ्ठेचाळीस कलर, दोनशे नव्व्याण्णव!" आयुष्य बँकेत गेल्यामुळे मी लगेच भागाकार केला. एक रंग सव्वासहा रुपयांना. पावसाळ्यात कोथिंबिरीची काडी याहून महाग पडते. डबा घेऊन टाकला.

पहिल्या दिवशी डबा उघडलाच नाही, नख उघडलं. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने स्क्रूड्रायव्हरने उघडून दिला. आत एक आरसा होता, ज्यात एका वेळी एकच डोळा दिसतो. दोन्ही डोळ्यांचा रंग सारखा झालाय का हे बघायला मान इकडून तिकडे, तिकडून इकडे, टेनिसच्या सामन्याला बसल्यासारखी. शिवाय एक स्पंजची काडी. ती अर्धा रंग स्वतः पिते आणि उरलेला डोळ्यात टोचून देते. पण रंग! डब्यात अगदी मोर पिसारा फुलवून बसला होता. बोटाला लावला की बोट झळाळायचं, मनगटावर ओढला की मनगट. पापणीवर मात्र अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस रंगांचं एकच व्हायचं: फळ्यावरून ओलं फडकं फिरवल्यावर जो उरतो, तो. अपवाद एक गुलाबी. तो लागताना लागला नाही, पण धुतल्यावर तीन दिवस राहिला. बँकेत दोघांनी "डोळे आलेत का?" म्हणून खुर्च्या मागे सरकवल्या आणि एकीने प्रेमाने मेडिकलमधून ड्रॉप्स आणून दिले. चमकीबद्दल तर बोलायलाच नको. ती पापणी सोडून कुठेही टिकते. कणकेत सापडली, नवऱ्याच्या कॉलरवर सापडली, एका गृहकर्जाच्या फाइलवर सापडली. ते कर्ज पुढे मंजूरही झालं.

चिडून मी भिंग घेतलं आणि डब्याची मागची बाजू वाचली. घटकांच्या यादीत ज्याचा वाटा जास्त तो आधी येतो. पहिलं नाव टाल्क, म्हणजे आपलं शंखजिरं. मग अभ्रक. मग आणखी काहीबाही. आणि ज्याच्यासाठी पैसे दिले तो रंग पार शेवटी, पंगत उठल्यावर धाकट्या जावेला वाढतात तसा. तपकिरी, विटकरी छटांसाठी जो वापरतात तो आयर्न ऑक्साइड. आपण तुळशीच्या कुंडीला गेरू फासतो तेव्हा तेच फासत असतो. कुंडीवर तो पावसाळ्यापर्यंत राहतो. माझ्यावर ठाकुर्लीपर्यंत राहत नाही.

हे सगळं बनतं कसं ते कळल्यावर तर मला आणखीच राग आला, कारण यात कळायला अवघड असं काही नाही. रंग, भुकटी आणि दोघांना धरून ठेवणारं मॅग्नेशियम स्टिअरेट, थोडं तेल, असं एकत्र करून दाबून वडी पाडतात. ज्या बाईने आयुष्यात एकदा तरी नारळाच्या वड्या केल्या आहेत तिला पुढचं सांगायला नको. पाक कच्चा राहिला तर भुगा, पुढे गेला तर दगड. माझ्या डब्यातल्या निम्म्या वड्या कच्च्या पाकाच्या होत्या आणि निम्म्या पुढे गेलेल्या. स्वस्ताला दोष नको म्हणून मग अठराशे पन्नासचा डबाही घेऊन पाहिला. त्याने सहा महिन्यांत वर साय धरली. बोटाचं तेल लागून वरचा थर घट्ट होतो, तो चिकटपट्टी लावून सोलून काढायचा असतो. अठराशे पन्नास रुपये देऊन मी सोलत बसले होते.

त्या अभ्रकाचं आणखी एक आहे. आपल्या देशात ते बरंचसं झारखंडातल्या कोडरमा, गिरिडीहकडून येतं आणि तिथे बंद पडलेल्या खाणींच्या ढिगाऱ्यांतून चकचकीत चिपा वेचणाऱ्यांत लहान मुलंही असतात. हे वाचल्यापासून मला चमकीचा वेगळाच राग येतो. कुणाच्या तरी पोराने दिवसभर उन्हात वेचलेली ती चकाकी, निदान ज्या डोळ्यासाठी वेचली त्यावर तासभर तरी टिकावी की नाही?

पण माझी खरी तक्रार नावांबद्दल आहे. (इथून पुढे ज्यांना घाई आहे त्यांनी तीन परिच्छेद गाळले तरी चालतील. मी गाळणार नाही.) लोकलमधल्या डब्यात रंगांना नावंच नव्हती, नंबर होते. सतरा आणि तेवीस हे सख्खे जुळे. महागाच्या डब्यात नावं होती, पण 'मध्यरात्रीचं गुपित' किंवा 'पहिलं चुंबन' अशा अर्थाची इंग्रजी. आता पहिल्या चुंबनाचा रंग कोणता? ज्याचा त्याचा. आमच्या वेळी तर तिथे लाइट गेले होते.

रंगाला नाव कसं द्यावं हे साडीच्या दुकानात शिकावं. आमसुली म्हटलं की आमसूल दिसतं आणि तोंडाला पाणी सुटतं. अंजिरी, डाळिंबी, वांगी, पिस्ता, लिंबू. साडीखरेदीहून बायका भुकेजून परत का येतात, ते या यादीत आहे. शेवाळी म्हटलं की पाय घसरतो. तपकिरीतली तपकीर ओढणारे आजोबा गेले, त्यांची डबी गेली, शिंक गेली, रंग मात्र राहिला. अबोली, गुलबक्षी, केतकी, पारवा. उभा धागा एक आणि आडवा दुसरा घालून विणलेली धूपछाव साडी, जी पदर हलवला की रंग बदलते. आता तेच 'ड्युओक्रोम' म्हणून पापणीवर लावायला देतात आणि वर तो शोध लावल्याचा आव आणतात. आणि चिंतामणी! चिंतामणी नेमका कोणता यावर माझ्या दोन मावश्यांचं 1986 सालापासून वाजलेलं आहे. मोठीच्या मते तो मोरपंखीचा धाकटा भाऊ. धाकटीच्या मते मोठी ज्याला चिंतामणी म्हणते तो आनंदी, आणि मोठीला लहानपणापासूनच रंग कळत नाहीत, हे तिच्या नवऱ्याकडे बघूनही लक्षात येतं. बस्त्याला दोघींना एकत्र न्यायचं नाही हा आमच्या घराण्याचा अलिखित नियम आहे. 'मध्यरात्रीचं गुपित' यावरून चाळीस वर्षं भांडून दाखवा!

तसं आपल्याकडे नावाने सुरुवात बरी झाली होती. 1952 साली टाटांनी लॅक्मे काढली, ते नाव मुळात लक्ष्मीचंच. फक्त एका फ्रेंच ऑपेरातून प्रवास करून आलेलं. लक्ष्मी परदेशी जाऊन उच्चार बदलून परत आली, याचं घरात मुलं-सुना असलेल्या कुणालाच आश्चर्य वाटू नये.

मॉलमधल्या काउंटरवर एकदा एक मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, तुमच्या टोनला न्यूड शेड्सच जातील." मी ती न्यूड शेड मनगटावर ओढली. गुरुजींनी भस्म लावल्यासारखं दिसलं. न्यूड म्हणजे उघड्या कातडीचा रंग, इतपत इंग्रजी मला येतं. कुणाच्या कातडीचा, ते तिला विचारायचं राहून गेलं. शंखजिऱ्याची पांढरी भुकटी गोऱ्या पापणीवर खपून जाते. आमच्यावर राखेसारखी वर येते.

माझी आई सावळी आहे आणि मी तिच्यावर गेले आहे. मी सातवी-आठवीत असताना कल्याणच्या एका दुकानात आम्ही दिवाळीची साडी घ्यायला गेलो होतो. दुकानदाराने राणी रंगाची साडी फडकन उलगडून आईच्या खांद्यावर टाकली. "वहिनी, रंग काय उठून दिसतोय बघा!" दिसत होताच. आई आरशात बघत राहिली. डोकं थोडं कलतं करून, तोंड जरासं उघडं. काजळ घालताना ती अशीच आ करायची. बरोबर आत्या होती. ती हळू आवाजात, अगदी भल्यासाठी सांगितल्यासारखं म्हणाली, "आपल्या वर्णाला भडक नको गं." आईने साडी स्वतःच्या हाताने घडी करून परत दिली. "फिक्यात दाखवा."

आजही आईचं कपाट उघडलं की आत आभाळ भरून आलेलं असतं. बिस्किटी, राखाडी, मोतिया, कसलासा मातकट. एवढे रंग ठाऊक असलेल्या बाईचं कपाट. चिंतामणीच्या वादात मावश्या शेवटी तिच्याकडेच निवाड्याला येतात. तो लोकलमधला डबा जेव्हा पापणीवर राख सांडून सांगतो की तुझ्यावर एवढंच उठणार, तेव्हा मला आत्याचा आवाज ऐकू येतो. दोनशे नव्व्याण्णव रुपयांत आत्याही येत असेल तर मला तो डबा महागच पडला.

असो. लग्नाची सकाळ, मी, गालावर मोर. आई आमच्याकडेच असते. ती सहापासून तयार होऊन पलंगावर बसली होती. तिने एकूण प्रकार पाच मिनिटं शांतपणे पाहिला.

"लागत नाहीये का?"

"नाही."

"मेण लावलंस का आधी?"

मी हातातली काडी खाली ठेवली. आजीचं कुंकू मला लख्ख दिसलं. पहाटे आरशासमोर बसून ती कपाळावर बोटाने मेणाचा गोल काढायची आणि त्यावर कोरडं कुंकू दाबायची. मग दिवसभर चूल, धूर, पाणी, घाम, नातवंडं. ते कुंकू रात्री निजेपर्यंत जागचं हलायचं नाही. पुढे चिकटाच्या टिकल्या आल्या आणि मेण गेलं. आता तेच काम करायला 'प्रायमर' नावाची नळी सातशे रुपयांना मिळते आणि मी ती घ्यावी की न घ्यावी याचा महिनाभर विचार करत होते. डबी देवघराच्या खणात होती. गौरीच्या मुखवट्यांना कुंकू लावायला अजून लागते म्हणून राहिलेली.

मेण दगड झालं होतं. आईने ते दोन बोटांत धरून ऊब दिली, माझी हनुवटी वर केली आणि म्हणाली, "डोळा मीट. आणि तोंडही मीट, माशी जाईल." मग तिने स्पंजची काडी बाजूला फेकून बोट जरासं ओलं केलं आणि मोरपंखी दाबून लावला. चोळला नाही, दाबला. उघडून बघते तर डोळ्यावर खराखुरा मोरपंखी. पापणी मिनिटाला पंधरा-वीस वेळा लवते; मी मुद्दाम शंभर वेळा लववून पाहिली. गालावर काही आलं नाही. माझे डोळे इतके बोलके झाले होते की तिसऱ्या रांगेच्या पुढेही गेले असते.

"मलाही लाव थोडंसं," आई म्हणाली. एकोणऐंशी वर्षांत पहिल्यांदा.

"कुठला लावू?"

"लाव फिक्यातला कुठलाही."

"आई, हा अख्खा डबाच फिका आहे."

तिने चष्मा काढला, डबा डोळ्यांजवळ नेला आणि रांगेवरून बोट फिरवत नेलं. सतरा, तेवीस, एकतीस. अडतीसवर थांबलं. राणी.

मी मेण लावलं, रंग दाबला. त्या एवढ्याशा आरशात तिने एक डोळा पाहिला. डोकं थोडं कलतं केलं. तोंड जरासं उघडं.

बाहेरून आवाज आला, "झालं का?"

"थांबा हो जरा," आई आतून ओरडली, "एकच डोळा झालाय!"