हा ॲडमिन कोण?

शाळेत मी कशातच नव्हतो. पहिल्या बाकावरच्या हुशारांत नव्हतो, शेवटच्या बाकावरच्या वांडांतही नव्हतो. मधली ओळ, तिसरा बाक, खांबामागं. त्या खांबामुळं मला फळा अर्धा दिसायचा आणि सरांना मी मुळीच दिसायचो नाही. दोघांचीही सोय होती. गॅदरिंगमध्ये एकदाच मला पडदा ओढायचं काम मिळालं, तर त्या वर्षी नाटकच रद्द झालं. १९९१ च्या मार्चमध्ये दहावी दिली, ५८ टक्के पडले. आई रडली नाही आणि पेढेही वाटले नाहीत.

अशा माणसानं पंचवीस वर्षांनी अख्ख्या बॅचचा स्नेहमेळावा भरवावा, हे अघटितच. ते घडलं एका 'हो ना'मुळं. २०१६ च्या मे महिन्यात कराडच्या एसटी स्टँडवर खडू भेटला. (शाळेत खडू खायचा. आता औषधाच्या कंपनीत आहे, कॅल्शियमच्या गोळ्या विकतो.) म्हणाला, "पंचवीस वर्षं झाली की रे. कायतरी करायला पाहिजे." आपल्याकडं 'कायतरी करायला पाहिजे' म्हणणारा माणूस कधीच काही करत नाही. त्याला 'हो ना' म्हणणारा सापडतो. मी 'हो ना' म्हणालो. खडूनं तिथंच व्हॉट्सॲप ग्रुप काढला, मला ॲडमिन केलं आणि साताऱ्याच्या गाडीत चढला. पुढच्याच आठवड्यात त्याचा फोन बिघडला, तो दिवाळीपर्यंत दुरुस्त झाला नाही.

'अ' आणि 'ब' मिळून आम्ही ११८ जण. त्याच वर्षी फेब्रुवारीत व्हॉट्सॲपनं ग्रुपची मर्यादा शंभराची २५६ केली होती. ती शंभरच राहिली असती तर अठरा जणांचा तरी ताप वाचला असता.

मुलगे शोधणं सोपं. एक सापडला की तो दुसऱ्याच्या नावानं शिव्या घालतो, त्यातून पत्ता लागतो. मुलींचं तसं नाही. नाव बदललेलं, आडनाव बदललेलं, गाव बदललेलं. मग मी माहेरांवर मोर्चा वळवला. पंचेचाळिशीकडं झुकलेला टकला माणूस दारात उभा राहून "तुमच्या मुलीचा नंबर मिळेल का?" असं विचारतो, तेव्हा आतून आधी भाऊ बाहेर येतो. दोन ठिकाणी चहा मिळाला. एका ठिकाणी नुसतं बसवून ठेवलं आणि शेजारच्यांना बोलावून घेतलं.

बरं, नंबर मिळाला तरी बोलायचं कसं? १९९१ साली आमच्या वर्गात मुलामुलींनी एकमेकांशी बोलायची पद्धत नव्हती. वही हवी असेल तर बाईंमार्फत मागायची. ज्यांच्याशी आयुष्यात एक वाक्य बोललो नाही त्यांना एकदम 'तू' कसं म्हणायचं? मी 'तुम्ही' म्हणालो, तर पलीकडून "ओ भाऊ, नक्की कोण आपण?" असं आलं. नाव सांगितलं. ओळख लागेना. बाक सांगितला. लागेना. शेवटी खांब सांगितला. "हां, खांब आठवतो," त्या म्हणाल्या.

ग्रुपवरही हाच घोळ. जुलैत कुणीतरी विचारलं, "हा ॲडमिन कोण?" बराच वेळ कुणी उत्तर देईना. मग चिमणीनं, म्हणजे आता पुण्यात दातांच्या डॉक्टर असलेल्या बाईंनी, लिहिलं, "अगं तो नाही का, घंटेवाला!"

घंटेचं प्रकरण सांगायला हवं. शाळेच्या व्हरांड्यात ताटाएवढी पितळी घंटा टांगलेली असायची आणि शिपाईमामा तिच्यावर लाकडी टोला हाणायचे. आम्ही दहावीत असताना, १९९० च्या डिसेंबरात, मधल्या सुट्टीत ती नाहीशी झाली. घंटेशिवाय तास संपवायचा अधिकार आपल्याला नाही, असं शिपाईमामांचं म्हणणं पडलं. त्यामुळं सुट्टीनंतरचा गणिताचा तास एक तास चाळीस मिनिटं चालला. दुसऱ्या दिवशी दहावीच्या यच्चयावत मुलग्यांना पाच-पाच छड्या बसल्या. मलाही बसल्या. छड्या वाटताना मात्र खांब आडवा आला नाही. घंटा सापडली नाही, चोरही सापडला नाही.

तो मी नव्हतो. मी त्या गणिताच्या तासाला झोपलो होतो, जाग आली तेव्हा शाळा सुटत होती. ग्रुपवर मी तसं स्वच्छ लिहिलं. त्यावर "किती तो विनय", "अजून घाबरतोय" अशी उत्तरं आली आणि हसून डोळ्यांतून पाणी काढणारे सतरा चेहरे. ऑगस्टपर्यंत मी ती घंटा स्वेटरखाली लपवून नेली होती. गणपतीपर्यंत ती कृष्णा-कोयनेच्या संगमात फेकली होती. दसऱ्याला एकानं मला फेकताना प्रत्यक्ष पाहिलं होतं. इतका तपशील आल्यावर मलाही शंका यायला लागली. एका रात्री बायकोला विचारलं, "मी कधी झोपेत चालतो का गं?"

तारखेवर दोन महिने गेले. मे नको, उकडतं. जून-जुलै पेरण्या. मग गणपती, मग पितृपक्ष. नोव्हेंबर-डिसेंबरात नगरपालिकांच्या निवडणुका, त्यात आमचा एक उमेदवार आणि तीन मास्तर निवडणुकीच्या ड्यूटीवर. मार्चमध्ये बँकवाल्यांची क्लोजिंग. न्यू जर्सीवाला फक्त नाताळात येऊ शकणार होता, आणि मतं तोच सगळ्यात जास्त मांडायचा, तीही आमच्या पहाटे. शेतीवाल्यांपैकी गुंडीनं ग्रुपवर आयुष्यातला एकमेव लांब संदेश टाकला : "डिसेंबरात माजी तोड हाय." कारखान्याची तोड आली की माणूस स्वतःच्या लग्नालाही जाऊ शकत नाही, हे पुण्या-मुंबईच्या मंडळींना कळेना. एकीनं हळहळून विचारलं, "कसली तोडमोड? बायकोशी का?" गुंडीनं त्यावर अंगठा टाकला. तो कशावरही अंगठाच टाकायचा. शाळेत त्याच्या शर्टाला कायम एक गुंडी कमी असायची, म्हणून गुंडी. अखेर २५ डिसेंबर, रविवार, यावर बहुमत झालं.

जेवणाचं थोडक्यात सांगतो, कारण ते आठवलं की अजून पित्त होतं. साताऱ्याच्या मुलखातला कार्यक्रम म्हटल्यावर मटण, असं मुलग्यांनी परस्पर ठरवलं. मुलींनी दिनदर्शिका पुढं केली. मार्गशीर्ष. मग मटणवाले, मार्गशीर्षवाले आणि 'मी खातो पण घरी सांगू नका'वाले असे तीन पक्ष झाले. तिन्ही पक्ष शेवटी अख्खा मसूर, भरलं वांगं आणि जिलबीवर एक झाले.

आता वर्गणी. माणशी पंधराशे. मी त्यासाठी दोनशे पानी वही केली, रेघा मारल्या, नावापुढं 'मिळाले' असा रकाना आखला. ८ नोव्हेंबरपर्यंत त्या रकान्यात नऊ खुणा होत्या, त्यातली एक माझी. बाकीच्यांची कारणं एका ग्रंथाएवढी. एकजण दर वेळी "उद्या टाकतो" म्हणायचा, आणि खरंच टाकायचा : हात जोडलेला गणपती.

८ नोव्हेंबरला, मंगळवारी, रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले आणि पाचशे-हजारच्या नोटा मध्यरात्रीपासून बंद म्हणाले. साडेनऊला माझं दार वाजलं. उद्याटाकतो उभा होता. "चार महिने तुला तिष्ठत ठेवलं रे," म्हणाला आणि पाचशेच्या तीन नोटा माझ्या हातात कोंबल्या. त्याचे डोळे पाणावले होते. दुसऱ्या दिवशी सकाळपासून रीघच लागली. ज्यांचा पत्ता मला पाच महिने लागत नव्हता त्यांना माझा पत्ता बरोबर लागला. एकानं हजाराच्या दोन नोटा दिल्या आणि वरचे पाचशे परत मागितले, तेही शंभराच्या नोटांत. ते मी बायकोच्या डाळीच्या डब्यातून काढून दिले, त्याचं व्याज अजून फेडतोय. आमच्या उमेदवारानं तर पुढच्या पंचवीस वर्षांची वर्गणी आगाऊ भरायची तयारी दाखवली. मैत्रीत असला आवेग मी आधी पाहिला नव्हता, पुढंही पाहीन असं वाटत नाही.

तीन दिवसांत चौतीस जण. एक्कावन्न हजार रुपये, सगळे रद्दी. आधीचे धरून चौसष्ट हजार पाचशे. पन्नास हजारांच्या वर रोख भरायची तर पॅन कार्ड लागतं, तेव्हा पॅन कार्ड, वही आणि पाण्याची बाटली घेऊन मी बँकेच्या रांगेत चार तास उभा राहिलो. भरणं त्यातल्या त्यात सोपं निघालं. काढणं अवघड. आठवड्याला चोवीस हजारांच्या वर मिळेनात. हॉलवाल्याला रोख हवी, आचाऱ्याला रोख हवी, मंडपवाला तर चेक म्हटल्यावर देवाचं नाव घ्यायचा. आचाऱ्यानं शेवटी चेक घेतला, पण एक्स-रे बघतात तसा उजेडात धरून.

वहीत एकाच नावापुढं जागा मोकळी राहिली. गुंडी. त्याला मी सहा फोन केले. प्रत्येक वेळी "व्हय, देतो की," आणि मागं ऊसतोड करणाऱ्यांचा गलका. मी मनात म्हणालो, एवढ्या महापुरातही हा एक दगड कोरडा राहिला.

२५ डिसेंबरला सगळ्यांना दहाची वेळ दिली होती. गणिताचे सर साडेनऊला आले. आता ऐंशीच्या घरात, पण घड्याळ तेच, मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं. आमची बॅच पावणेअकरापर्यंत आली नाही. सव्वा तास त्या हॉलमध्ये सर, मी आणि साठ रिकाम्या खुर्च्या.

"तू कोण?"

नाव सांगितलं.

"कुठं बसायचास?"

"खांबामागं, सर."

सरांनी डोळे मिटून वर्ग आठवला. एकेक ओळ, एकेक बाक. मग ठामपणे म्हणाले, "खांबामागं कोणी बसत नव्हतं."

यावर काय बोलणार? मी त्यांना चहा आणून दिला. ते माझ्याकडं आचाऱ्याचा माणूस म्हणून बघत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "साखर कमी चालते मला."

पावणेअकराला गाड्या लागायला लागल्या. चिमणी आत आली, सरांच्या पाया पडली आणि मला ओढून पुढं केलं. "सर, ओळखलं का? हा आपला घंटेवाला!"

मी "नाही, सर," म्हणायला तोंड उघडलं, तोच सर उठून उभे राहिले. मला वाटलं, राहिलेल्या छड्या आता बसणार. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"तू होय तो!" सर म्हणाले. "अरे, चौतीस वर्षं नोकरी केली मी. स्पर्शिका-छेदिकेचं प्रमेय दर वर्षी शिकवलं. सिद्धतेची शेवटची पायरी आली की दर वर्षी घंटा व्हायची. पोरं उठायची. एकदाच, आयुष्यात एकदाच, घंटा झाली नाही. प्रमेय पुरं झालं. उपप्रमेय झालं. वर दोन उदाहरणं झाली." त्यांचा आवाज कापायला लागला. "आठवतं ना तुला ते प्रमेय?"

सगळे आमच्याकडं बघत होते. त्या प्रमेयाच्या आरंभापासून अंतापर्यंत मी झोपेत होतो. पण ऐंशीच्या घरातला माणूस हात सोडत नव्हता.

"आठवतं, सर," मी म्हणालो. "म्हणून तर लपवली."

टाळ्या पडल्या. शाळेच्या आवारात वा बाहेर, माझ्यासाठी पडलेल्या या पहिल्या टाळ्या. त्यानंतर दिवसभर मी घंटेवाला होतो. ओळखीच्या कार्यक्रमात प्रत्येकाला दोन मिनिटं दिली होती. न्यू जर्सीवाल्यानं बावीस घेतली. माझी पाळी आली तेव्हा लोकांनी "घंटा! घंटा!" असा गजर केला आणि मी स्वेटरची गोष्ट सांगितली. छान रंगली. संगमाची तर आणखी रंगली, त्यात मी थोडं पावसाचं पाणी वाढवलं. दुपारी 'झिंगाट' लागलं, त्या वर्षी ते न लावता कुठलाच कार्यक्रम पार पडत नव्हता, आणि पंचवीस वर्षं एकमेकांशी न बोललेली माणसं गुडघेदुखी विसरून नाचली. मला त्यांनी खांद्यावर घेतलं. सहा पावलांनंतर खाली ठेवलं, पण घेतलं.

गुंडी दुपारी जेवायच्या वेळेला आला होता. कोपऱ्यात बसून जेवला, माझी संगमाची गोष्ट लक्ष देऊन ऐकली, अंगठा दाखवला. संध्याकाळी सगळे पांगल्यावर मी खुर्च्या मोजत होतो, तेव्हा तो वहीच्या बाजूला येऊन उभा राहिला.

"माजं पंधराशे ऱ्हायलं न्हवं?"

"राहिलेत," मी म्हणालो. जरा तोऱ्यातच म्हणालो. सकाळपासून माझी उंची वाढली होती.

"उसाचं बिल जिल्हा बँकेत हाय. जुन्या नोटा घ्यायला त्यास्नी बंदी घातलीया, रोकड न्हाय तिथं. रांगंत उभारलं तर दोन हजार मिळत्यात, ते टोळीला जातंय." एवढं बोलून तो गप्प झाला. मग वहीवर बोट ठेवून हळू आवाजात म्हणाला, "तू स्वेटरखाली म्हनलास. स्वेटर कुठला आलाय? दप्तरात घातली हुती मी. मानंला वळ उठला हुता दोन दिस."

मी त्याच्याकडं बघत राहिलो.

"आरं, बघतोस काय? मला काय करायचंय त्या नावाचं? तुला शोभतंय, तू ठेव. पंधराशे तेवढं सोड."

मी हिशेब केला. सरांनी धरलेला हात, टाळ्या, सहा पावलं खांद्यावर. पंधराशेला महाग नव्हतं. पेन काढलं, गुंडीच्या नावापुढं 'मिळाले' लिहिलं, आणि माझ्या पाकिटातली एकुलती गुलाबी दोन हजाराची नोट वहीच्या पानात ठेवली. सुटे पाचशे कुठून आणायचे, हा प्रश्न उद्यावर टाकला.

तो मोटारसायकलला किक मारायला लागला तेव्हा मला सुचलं.

"आणि घंटा रे? घंटा कुठं आहे?"

"मळ्यात."

"अजून? मग शाळेला परत देऊ या की. सत्कार करतील."

गुंडीनं क्षणभर विचार केला.

"आत्ताच नगं," तो म्हणाला. "ज्वारी हुरड्यात आलीया. पाखरं लई बसत्यात."