दोनशे रुपयांची समता

देशात समता कधी येणार, असा प्रश्न घेऊन व्यासपीठांवर घसा कोरडा करणाऱ्यांनी एकदा नाशिकच्या सातपूरला यावं. त्र्यंबक रस्त्याने आयटीआय सिग्नल ओलांडून औद्योगिक वसाहतीत शिरावं आणि कुठल्याही बऱ्यापैकी कारखान्यातल्या दोन पगारस्लिपा शेजारी शेजारी ठेवून बघाव्यात. एक ठेकेदाराकडच्या हेल्परची, जो श्रमिकनगरात भाड्याच्या खोलीत राहतो. दुसरी मॅनेजिंग डायरेक्टरसाहेबांची. बेसिक जुळत नाही, भत्ते जुळत नाहीत. साहेबांच्या स्लिपेवरचे काही रकाने तर हेल्परला कुणीतरी समजावूनच सांगावे लागतील. पण निराश होऊ नका, कपातीच्या बाजूला खाली उतरत या. ‘पीटी’ असा एक रकाना लागेल. हेल्पर : २०० रुपये. साहेब : २०० रुपये.

हीच ती समता. संतांनी सांगून झाली, फुल्यांनी लिहून झाली, लाल बावट्याने गेटावर घोषणा देऊन झाली. अखेर ती आणली राज्याच्या विक्रीकर खात्याने, आणि तीही पगारातून परस्पर कापून.

पीटी म्हणजे व्यवसाय कर, आपल्या बोलीत प्रोफेशनल टॅक्स. महिन्याला साडेसात हजारांपर्यंत मिळवणाऱ्या पुरुषाला तो माफ आहे. तिथून दहा हजारांपर्यंत १७५ रुपये. दहा हजारांच्या वर गेलात की २००, आणि वर्षाचे अडीच हजार जुळावेत म्हणून फेब्रुवारीत ३००. महिना अठ्ठावीस दिवसांचा, कपात मात्र सगळ्यात मोठी. दर फेब्रुवारीला एखादा नवा हेल्पर ‘माझे शंभर खाल्ले’ म्हणून ठेकेदाराच्या अंगावर जातो. ठेकेदार खरोखरच निर्दोष असण्याचा वर्षातला हा एकमेव दिवस असावा, आणि नेमका त्याच दिवशी त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

दहा हजारांच्या वरची पायरी कोणती, असं विचाराल तर ती नाही. जिना तिथेच संपतो. अकरा हजारवाल्याला अडीच हजार आणि अकरा लाखवाल्यालाही अडीच हजार. पूर्ण महिना शिफ्ट करून दहा हजारांच्या आत पगार घेणारा माणूस आज कायद्याने सापडता कामा नये, म्हणजे सातपुरात कामाला लागला तो या एकाच पायरीवर येऊन उभा राहतो. तिथून वर थेट गच्ची आहे आणि गच्चीवर साहेब आहेत.

थोडा हिशेब करू. हेल्परला महिन्याचे सव्वीस दिवस भरून साडेबारा हजार मिळतात असं धरा. अडीच हजार कमवायला त्याला पाच दिवसांहून अधिक काळ मशीनपुढे उभं राहावं लागतं. साहेब वर्षाला एक कोटी घेतात असं धरा, दिवसाचे आठ तास, वर्षाचे तीनशे दिवस. त्यांचा वर्षाचा व्यवसाय कर छत्तीस मिनिटांत वसूल होतो. एक एप्रिलला साहेब केबिनमध्ये आले, चहा झाला, ‘आज काय काय आहे’ असं सेक्रेटरीला विचारून झालं, की वर्षभराचं देणं फिटलं. हेल्पर अजून पहिल्या ब्रेकची वाट बघतोय. टक्क्यांत मांडायचं तर हेल्परच्या कमाईतले एक पूर्णांक सहा सात टक्के जातात. साहेबांचे शून्य पूर्णांक शून्य दोन पाच. हेल्परचाच दर साहेबांना लावला तर त्यांना वर्षाला एक लाख सहासष्ट हजार भरावे लागतील. समतेचा इतका अतिरेक बरा नव्हे.

आता साहेबांवर अन्याय नको. दिल्लीला ते भरतात. एक कोटीच्या पगारावर अधिभार आणि उपकर धरून साधारण २९ लाख आयकर होतो, आणि तो आधीच कापला जातो. तेवढंच उत्पन्न पगाराऐवजी शेअर बाजारातून, वर्षभर सांभाळलेले शेअर विकून आलं, तर कराचा दर साडेबारा टक्के आणि रक्कम निम्म्याहून कमी. म्हणजे साहेबांनी कारखान्यात घाम गाळला तर जास्त कर आणि घरी बसून शेअर चढू दिले तर कमी. शनिवार-रविवारच्या फार्महाउसवर द्राक्षं लावली असतील तर ते उत्पन्न शेतीचं, त्याला आयकरच नाही. ही सवलत कर्जात बुडालेल्या दिंडोरीच्या शेतकऱ्यासाठी आहे, पण सरकार भेदभाव करत नाही.

खरी गंमत बारा या आकड्याची आहे. २०२५च्या अर्थसंकल्पात दिल्लीने जाहीर केलं, की नव्या पद्धतीत वर्षाला बारा लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर आयकर शून्य. पगारदाराला तर पावणेतेरा लाखांपर्यंत. चांगली गोष्ट आहे, कित्येक कायम कामगारांच्या घरी पेढे वाटले गेले असतील. पण त्याच सातपुरात महिना बारा हजारवाल्याकडून मुंबईचं सरकार वर्षाला अडीच हजार घेतंच आहे. दिल्लीच्या मते महिना लाखभर मिळवणारा अजून सवलतीला पात्र आहे. मुंबईच्या मते महिना दहा हजार एक रुपया मिळवणारा सुस्थितीत पोहोचला. या दोन सरकारांची एकदा भेट घालून द्यायला हवी.

संध्याकाळी गंगापूर रस्त्यावर फिरायला निघालेल्या मंडळींकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘देशात दोन टक्के लोक कर भरतात आणि बाकीचे फुकट खातात.’ या बाकीच्यांत आपला हेल्परही येतो. त्याला करदाता म्हणत नाहीत. त्याच्या मोबाइल रिचार्जवर १८ टक्के जीएसटी आहे आणि सोन्याच्या बिस्किटावर ३ टक्के, तरी करदाता बिस्किटवालाच. २०२४ साली अर्थतज्ज्ञ तोमा पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारताचा शंभर वर्षांचा हिशेब मांडला. त्यांच्या मते २०२२-२३मध्ये वरच्या एक टक्क्याकडे देशाच्या उत्पन्नातला २२.६ टक्के वाटा होता, इंग्रजांच्या काळापेक्षाही जास्त. आता सगळं उत्पन्न जिथे साठतं, तिथेच आयकराचा माणूस जाणार ना? रिकाम्या खिशावर धाड कोण घालतं? पण तेही पूर्ण खरं नाही, कारण व्यवसाय कराने तेसुद्धा करून दाखवलंय.

हा कर जन्माला आला तेव्हा मात्र त्यामागे चांगला विचार होता, तो विसरून चालणार नाही. १९७२चा दुष्काळ नाशिक जिल्ह्यात आणि मराठवाड्यात ज्यांनी खडी फोडून काढला, त्यांची नातवंडं आज सातपूर-अंबडच्या शिफ्टांमध्ये आहेत. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना त्या दुष्काळात राज्यभर पसरली. मागेल त्याला काम, असं वचन सरकारने द्यायचं. त्याचा खर्च कोण देणार? शहरातले पगारदार आणि व्यावसायिक. १९७५ साली त्यासाठी व्यवसाय कराचा कायदा आला. शहराने गावासाठी महिन्याला थोडं द्यायचं, इतका सरळ सौदा. साऱ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा व्हायला २००५ साल उजाडलं. महाराष्ट्राने ती हमी तीस वर्षं आधी दिली होती.

मग वर पायऱ्या का नाहीत? कारण राज्यघटनेच्या २७६व्या कलमात कमाल मर्यादा आहे. तिचा इतिहास वाचावा असा आहे. १९३९च्या सुमारास संयुक्त प्रांताच्या सरकारने मोठ्या पगारांवर चढता कर बसवायचा घाट घातला, आणि ज्यांचे पगार मोठे होते ते बहुतेक गोरे साहेब होते. मग लंडनच्या पार्लमेंटने कायद्यात कलम घातलं, की असा कर माणशी वर्षाला ५० रुपयांच्या वर जाता कामा नये. साहेब गेले, कलम राहिलं. आपल्या घटनेत ५०चे २५० झाले आणि १९८८च्या साठाव्या घटनादुरुस्तीने २,५०० झाले. तेव्हा तोळाभर सोनं तीन हजारांच्या आसपास होतं. आज त्याला लाखाच्या वर मोजावे लागतात आणि साहेबांचा व्यवसाय कर अडीच हजारच आहे. चौदाव्या वित्त आयोगाने ही मर्यादा बारा हजार करा, असं सुचवलं होतं. सुचवलं ते कागदावर राहिलं. संपत्ती कर मात्र १९५७ साली येऊन २०१५च्या अर्थसंकल्पात गेला, मृत्यूनंतरच्या इस्टेटीवरचा कर तर १९८५लाच गेला होता. वरून काढायचं ते वेळच्या वेळी काढलं जातं.

तेव्हा साहेबांकडून जास्त घ्यायचं तर घटना बदलावी लागेल, त्याला दोन-तृतीयांश खासदार लागतील. ते जमायचं तेव्हा जमो. पण हेल्परकडून कमी घ्यायला घटना आडवी येत नाही. मर्यादा वरची आहे, खालची नाही. खालची पायरी मुंबईत, राज्याच्या अर्थसंकल्पात ठरते. बायकांसाठी सरकारने ती १ एप्रिल २०२३पासून दहा हजारांवरून पंचवीस हजारांवर नेली. आज एकाच लाइनवर काम करणाऱ्या नवरा-बायकोत तिची पीटी कापली जात नाही, त्याची जाते. तिजोरी बुडाल्याचं ऐकिवात नाही.

राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये येतो. स्वारबाबानगरात, अशोकनगरात, सातपूर कॉलनीत आमदार, मंत्री येतील तेव्हा त्यांच्याकडे गल्लीतला पेव्हर ब्लॉक आणि मंडळाची वर्गणी मागून झाल्यावर एवढंच मागा : बायकोला पंचवीस हजारांपर्यंत माफ, तर नवऱ्यालाही तेवढंच माफ. आणि ते ‘बघतो’ म्हणाले तर पगाराची स्लिप हातात ठेवा, फेब्रुवारीची.