चौकोनपंथी

पुण्याच्या बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत शनिवारी दुपारी जी गर्दी असते तिच्यात हा हटकून सापडतो. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी चिमटा, हातात लाइट बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर केलेली यादी.

"आयआर एकवीस दहा आहे? ओरिजिनल?"

"कंपनीचाच आहे, काका."

कोणत्या कंपनीचा, हे पोरगा सांगत नाही आणि काका विचारत नाहीत. मग आयआरएफपी ४६० मॉस्फेट, म्हणजे विजेचे झटपट स्विच, निघतात. सर्किटला लागतात दोन. काका घेतात दहा. उरलेल्या आठांचं काय होणार, हे काउंटरच्या दोन्ही बाजूंना ठाऊक असतं.

याला मी चौकोनपंथी म्हणतो. घरच्या घरी इंडक्शन हीटर बनवायचा, तांब्याच्या नळीच्या वेटोळ्यात बोल्ट धरायचा आणि नळीचा स्पर्श होऊ न देता तो लालबुंद करायचा, हे त्याचं जाहीर उद्दिष्ट. लाल झालेल्या बोल्टचं पुढे काय करणार, हे विचारू नये. खरं दैवत बोल्ट नव्हेच. ते ऑसिलोस्कोपच्या, म्हणजे स्कोपच्या, पडद्यावर असतं: मॉस्फेटच्या गेटवर, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या पायावर, जाणारी चौकोनी लहर. शून्यावरून बारा व्होल्टवर ताठ चढलेली, माथ्यावर सपाट आणि तशीच ताठ उतरलेली. कोपऱ्यावर जराशी थरथर दिसली की याच्या घशाखाली घास उतरत नाही.

वेड आहे, पण बिनबुडाचं नाही. घरातला २३० व्होल्टचा एसी डीसी करून घेतला की सुमारे ३२५ व्होल्ट हाती येतात. त्यांच्या दोन टोकांमध्ये एक वरचा, एक खालचा असे दोन मॉस्फेट, आळीपाळीने चालू-बंद होणारे, सेकंदाला पन्नास हजार वेळा. दोघे क्षणभर जरी एकदम चालू राहिले, तरी ३२५ व्होल्ट थेट आरपार. कोकण रेल्वेच्या एकेरी रुळावर समोरची गाडी स्टेशनात पूर्ण शिरल्याशिवाय आपल्या गाडीला सिग्नल मिळत नाही, तसं इथे एक पुरता बंद झाल्यावर जरा थांबून मगच दुसरा. या थांबण्याला डेड टाइम म्हणतात आणि ते असतं साधारण अर्धा मायक्रोसेकंद. शिवाय गेटची सहनशक्ती वीस व्होल्टची. बाराच्या लहरीने कोपऱ्यावर उसळी मारून वीस ओलांडले की गेटखालचा ऑक्साइडचा पातळ थर फुटलाच. मॉस्फेट एकटा जात नाही. गेट चालवणाऱ्या ड्रायव्हर आयसीला, म्हणजे त्या एकवीस दहाला, बरोबर नेतो. फ्यूज, ज्याचं हे कामच, तो सगळ्यांत शेवटी जातो.

म्हणून त्याची सगळी साधना त्या कोपऱ्यासाठी. गेटला बावीस ओहमचा रेझिस्टर लावला; थरथर कमी झाली, पण चढण तिरपी होऊन मॉस्फेट तापू लागला. चार पॉइंट सातचा लावला. चढण ताठ, थरथर परत. ड्रायव्हरपासून गेटपर्यंतच्या वायरी बोटभर केल्या, त्यांना एकमेकींभोवती पीळ दिला, आयसीच्या पायांशी सिरॅमिक कपॅसिटर चिकटवला. रोज रात्री पडद्याचा फोटो काढून साडूला पाठवला. साडू बँकेत आहेत. ते अंगठा पाठवतात.

आणि एका मध्यरात्री उलगडा होतो, की स्कोपच्या प्रोबला अर्थची जी वीतभर वायर आणि तिच्या टोकाला मगरक्लिप असते, तीच आजूबाजूचं सगळं उचलत होती. क्लिप काढली, प्रोबच्या टोकाजवळ बारीक तारेची स्प्रिंग गुंडाळून तीच अर्थला टेकवली, तर लहर आखीव. थरथर बहुतेक सगळी मोजण्यातली होती. दुसरा कोणी कपाळ बडवून घेईल. हा बायकोला उठवतो.

"अहो, छान आहे," ती डोळे चोळत म्हणते. "पण म्हणजे हे आधीपासून असंच होतं ना?"

चौकोनपंथीयांच्या बायकांना इलेक्ट्रॉनिक्स येत नाही, असा एक गैरसमज आहे.

तिच्या ओट्यावर इंडक्शनची शेगडी आहे. तीही तेच काम करते, वीस हजारांच्या वरच्या वारंवारतेवर म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू न येईल अशा बेताने. ह्याने ती उघडून पाहिली आहे. "एकच आयजीबीटी. ड्राइव्हही जेमतेम," असा शेरा मारून स्क्रू परत लावले, एक उरला. त्या जेमतेम ड्राइव्हवरचा चहा तो दिवसातून तीनदा पितो, मत मात्र बदलत नाही.

थेट मेन्सवरच्या सर्किटला स्कोपची अर्थची क्लिप लावणं हा या पंथाचा दीक्षाविधी. खाट्कन आवाज, एमसीबी खाली, हॉलमधली मालिका ऐन मंगळसूत्राच्या प्रसंगी बंद. दुसऱ्या दिवशी घरात आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर येतो. तो इतका जड की केर काढणाऱ्या मावशी त्याला वळसा घालून जातात.

कधीतरी बोल्ट खरंच लाल होतो. पण लोखंडाचं चुंबकत्व ७७० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. मग वेटोळ्याचा इंडक्टन्स घसरतो, अनुनादाची वारंवारता वर सरकते आणि महत्प्रयासाने जुळवलेलं सगळं सुटतं. घरचे टाळ्या वाजवत असताना ह्याचा चेहरा पडलेला. "पीएलएल लावावा लागणार," म्हणजे सरकत्या वारंवारतेचा माग ठेवणारं सर्किट, तो पुटपुटतो आणि लाइट बिलावर त्याच्या आयसीचा नंबर लिहितो: सीडी ४०४६.

माझं म्हणाल तर हा अगदी कामाचा माणूस. सोसायटीत कोणाचा मिक्सर, कोणाचा इन्व्हर्टर बंद पडला तर बेलाशक त्याच्याकडे न्या. फक्त त्यात काही सुधारणा करायच्या आत परत आणा. आणि तो तुमच्या शेजारीच राहत असेल तर एवढं कराच: हीटर पहिल्यांदा चालू करताना शंभर वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लावायला सांगा. कुठे शॉर्ट असला तर बल्ब भक्क पेटेल आणि मॉस्फेट वाचतील. बल्ब तारेचाच हवा; एलईडीचा चालत नाही.