पहिल्या पाळीची वेल

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत कुठल्याही कंपनीत शिरायचं तर गेटवरच्या वहीत नाव, गाडीचा नंबर आणि कोणाकडे काम आहे ते लिहावं लागतं. गारवेलीला ही वही माहीत नाही. पावसाळ्यात ती तारेची जाळी धरते आणि श्रावण लागेपर्यंत कंपनीच्या पाटीवरची निम्मी अक्षरं झाकून मोकळी होते. ‘प्रायव्हेट लिमिटेड’मधलं नुसतं ‘लिमिटेड’ उरलेलं मी पाहिलंय. प्रायव्हेट तसंही काय राहिलं होतं म्हणा.

पान पाच बोटांचं, फूल फिकट जांभळं, घशाशी गडद. शास्त्रीय नाव आयपोमिया कैरिका, म्हणजे कागदोपत्री पत्ता कैरोचा. इंग्रजीत हिला चक्क रेल्वे क्रीपर म्हणतात, आणि ते का, हे बदलापूर लोकलच्या दारात लटकणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

हिची हजेरी मात्र चोख. कळीला पीळ असतो. पहाटे तो सुटतो आणि पहिल्या पाळीचे कामगार यायच्या आत फूल पूर्ण उघडलेलं. ऊन चढलं की कडा आत वळू लागतात. तीन पाळ्यांत चालणाऱ्या या वसाहतीत अर्ध्या दिवसाने सुटणारी ही एकटीच. अर्थात उद्या तेच फूल परत येत नाही, बदली येतो.

चढण्याची दिशाही ठरलेली. वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट. कोवळा शेंडा हाताने दुसऱ्या बाजूने गुंडाळून बघा, वाढता वाढता तो पुन्हा आपल्याच वळणावर जातो. जवळच इ. स. १०६० चं, शके ९८२ चा शिलालेख असलेलं शिवमंदिर आहे. महादेवाला पूर्ण प्रदक्षिणा घालत नाहीत. सोमसूत्रापर्यंत जायचं आणि उलट फिरायचं. हिने त्यातला उलटा भागच तेवढा पाठ केला असावा.

या फिरण्याचा हिशेब डार्विनने ठेवला होता. आजारपणामुळे खोलीत अडकला, तर गड्याने हॉपच्या वेलीची कुंडी शेजारी घेतली आणि रात्रंदिवस शेंड्यावर नजर ठेवली. एका फेरीला सरासरी दोन तास आठ मिनिटं. (जोराच्या पावसात अंबरनाथहून सीएसएमटीला साधारण तेवढेच लागतात, पण त्यावर कोणी ग्रंथ लिहीत नाही.) वेलींवरचा त्याचा प्रबंध १८६५ साली छापून आला. आपण आजारपणाच्या रजेत काय करतो, तो विषय वेगळा.

दर दिवाळीआधी इथे कुंपणं साफ होतात. कोयता चालतो, ढीग जळतात आणि पुढच्या आषाढात वेल पुन्हा जाळीवर हजर. बुंध्याशी राहिलेलं कांडंसुद्धा मूळ धरतं, त्यामुळे तोडणारा माणूसच पुष्कळदा तिची लागवड करत असतो.

हिचं कूळ मोठं आहे. नाल्याकाठची बेशरम यातलीच. पान नाही, मूळ नाही, दुसऱ्याच्या अंगावर पिवळी होऊन जगणारी अमरवेलही यातलीच. असे दोन सभासद आमच्या सोसायटीत असल्याने मी जास्त बोलत नाही. आणि एकादशीचं रताळं हिचं सख्खं भावंड. हे मी एका गेटवरच्या वॉचमनमामांना सांगितलं तेव्हा त्यांनी वेलीकडे पहिल्यांदाच आदराने पाहिलं.

“मग साहेब, हिच्याखाली खणलं तर काही लागेल का?”

मुळाला गाठी धरतात, हे खरं. पण एमआयडीसीतली माती खणून उपास करायचा सल्ला द्यायला माझी जीभ रेटेना.