दोन सेंटीमीटरची पृथ्वी

भूगोल हा पृथ्वीचा अभ्यास करणारा विषय असून महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत तो बहुधा दुसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत आढळतो. खोलीत एक पृथ्वीगोल असतो. त्याचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला असतो. स्टँड मोडला असल्यास आणखी पाच-सात अंश. विषय घेणाऱ्यांचे मुख्य प्रकार दोन: स्पर्धा परीक्षेत उपयोगी पडेल म्हणून आलेले आणि मित्राने घेतला म्हणून आलेले. नकाशे आवडतात म्हणून आलेला तिसरा प्रकार दुर्मीळ असून दुसऱ्या सत्रापर्यंत तो पहिल्या दोहोंत विरघळतो.

अभ्यासाची सुरुवात पृथ्वी लहान करण्यापासून होते. तिची त्रिज्या 64 कोटी सेंटीमीटर धरली, की 1:32,00,00,000 या प्रमाणात ती बरोबर 2 सेंटीमीटर भरते. या गोटीएवढ्या पृथ्वीवर मग नाना प्रक्षेपणे काढली जातात. मर्केटरने 1569 साली खलाशांसाठी काढलेल्या नकाशात ग्रीनलँड आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदापट आहे. हा दोष विद्यार्थी तीन ओळींत लिहितो. नकाशा मात्र तो सीनियरच्या जर्नलवरून, काचेखाली बल्ब लावून छापतो. सीनियरनेही तसाच छापलेला असल्याने समोच्च रेषा दर वर्षी किंचित सरकतात. डोंगर झिजतात ते असे.

यानंतर टोपोशीट. भारतीय सर्वेक्षण विभाग 1767 पासून देश मोजत आला आहे आणि त्याची शीट हा या विषयातला खरोखर देखणा ऐवज आहे: शेती पिवळी, जंगल हिरवे, वस्ती लाल, समोच्च रेषा तपकिरी, पाणी निळे, कोरडा ओढा काळा. प्रयोगशाळेतली शीट बरीच जुनी असते. तिच्यात कॉलेजमागे पिवळे शेत असते. खिडकीबाहेर त्याच जागी बारा मजली इमारत उभी असते आणि पावसाळ्यात तिच्या पार्किंगमध्ये शीटवरला काळा ओढा परत येतो. ‘भूमी उपयोजन सांगा’ या प्रश्नाचे उत्तर ‘शेती’ असेच लिहायचे असते. खिडकीला गुण नाहीत.

सिद्धांतांचा भाग बहुतांशी जर्मन आहे. फॉन थ्यूनेनने 1826 साली बाजारपेठेभोवती वर्तुळे काढली: पहिल्यात दूध-भाजीपाला, दुसऱ्यात सरपणाचे जंगल, पुढे धान्य, शेवटी गुरे. त्याच्या राज्यात डोंगर नाही, नौकानयनाची नदी नाही, बाहेरचा व्यापारी नाही. दलाल तर नाहीच. नारायणगावकडचा विद्यार्थी ही वर्तुळे कंपासने सुबक काढतो. त्याच आठवड्यात वडिलांचे टोमॅटो सगळी वर्तुळे ओलांडून परराज्यात गेलेले असतात आणि भाव किती मिळाला हे त्याला फोनवर कळते. हे उत्तरपत्रिकेत लिहिण्याची सोय नाही.

अभ्यास सहल बहुधा निघोजला जाते. कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे हे पाण्याने गोटे गरगरवून बेसॉल्टमध्ये केलेले कोरीव काम. तिथे खरे तर दिवसभर बसावे. सहलीत चाळीस मिनिटे मिळतात, त्यांतली तीस ग्रुप फोटोत जातात. पुढे एखाद्या गावात प्रश्नावली भरून घेतली जाते. दर वर्षी नवी बॅच येत असल्याने तिथले काका प्रश्नाची वाट न पाहता कुटुंबसंख्या, शौचालय, सिंचन असे क्रमाने सांगतात आणि सही कुठे करायची तेही दाखवतात. अहवाल सहलीपूर्वीच तयार असतो.

शेवटी तोंडी परीक्षा. बहिःस्थ परीक्षक विचारतात, “या खोलीत उत्तर कुठे आहे?” विद्यार्थी जर्नलची पाने उलटू लागतो. उत्तर म्हणजे दिशा, असा खुलासा झाल्यावर तो क्षणभर भिंतीवरचा नकाशा न्याहाळतो आणि छताकडे बोट करतो. त्याला वीसपैकी चौदा गुण मिळतात.