फायलींचे तलाठी

साऱ्या जगाला लिनक्स तयार मिळतं. पेनड्राइव्ह लावायचा, चार वेळा ‘पुढे’ दाबायचं, चहा होईपर्यंत यंत्र सुरू. आमच्या ऑफिसातल्या एका गृहस्थांना हे मंजूर नाही. ते लिनक्स घरी बांधतात. जेरार्ड बीकमन्स यांनी 1999 मध्ये सुरू केलेलं ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ हे पुस्तक त्यांना पाठ आहे. कंपायलरपासून शेलपर्यंत सगळं मूळ सोर्समधून उभं कसं करायचं, ते त्यात सांगितलंय. तसे हौशी बरेच असतात. यांची तऱ्हा पुढची. यंत्र बांधून झालं, चालू लागलं, याचा त्यांना फारसा आनंद नाही. डिस्कवरची प्रत्येक फाइल कुणाच्या नावावर आहे, हे कळलं की मग जेवण गोड लागतं. ऑफिसात त्यांना सगळे तलाठी म्हणतात. त्यांनाही ते आवडत असावं.

रूट होऊन ‘मेक इन्स्टॉल’ मारणं म्हणजे त्यांच्या लेखी कोऱ्या कागदावर अंगठा उठवणं. रूटला अडवणार कोण? नवं पॅकेज जुन्याची फाइल पुसून तिथे आपली ठेवतं आणि कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून त्यांनी प्रत्येक पॅकेजला स्वतंत्र यूजर काढून दिलाय. बॅश हा एक यूजर, ग्रेप दुसरा, झेडलिब तिसरा. सगळे ‘इन्स्टॉल’ या ग्रुपचे सभासद. सामायिक डिरेक्टऱ्यांत या ग्रुपला लिहायची मुभा, पण वर स्टिकी बिट लावलेला. म्हणजे नवी फाइल कुणीही आणून ठेवावी, दुसऱ्याच्या फाइलीला हात लावायचा नाही. (युक्ती त्यांची नव्हे. मात्थियास बेंकमन यांनी ती पूर्वीच लिहून ठेवलीय. तलाठी श्रेयाच्या बाबतीतही नोंद चोख ठेवतात.) यंत्र वापरणारा माणूस एक, खातेदार ऐंशीच्या घरात.

‘परमिशन डिनाइड’ दिसलं की आपल्या कपाळाला आठ्या पडतात. त्यांच्या चेहऱ्यावर तेज येतं.

एका रविवारी त्यांच्याकडे गेलो, तर दारातच म्हणाले, “बरं झालं आलात. किलवर तिघांचा दावा आहे!”

“अहो, त्यांना आत तरी येऊ द्या,” वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

तिघे म्हणजे कोअरयुटिल्स, युटिल-लिनक्स आणि प्रॉक्प्स. चालू प्रोसेस थांबवायची ती एवढीशी कमांड तिघेही आपापली घेऊन येतात. निकाल युटिल-लिनक्सच्या बाजूने लागला. कोअरयुटिल्सला कॉन्फिगर करतानाच बजावायचं की किल आणि अपटाइम बसवू नकोस. प्रॉक्प्सलाही तशीच ताकीद. मग ‘ग्रुप्स’ निघालं. ते कोअरयुटिल्सही आणतं आणि शॅडोही, तेव्हा शॅडोच्या मेकफाइलवर सेड चालवून नाव कमी केलं.

“आणि मॅनपानं?” मी उगाच विचारलं.

“तीही काढली. नाहीतर कमांड एकाची आणि माहिती दुसऱ्याची!” चहा तोवर गार झाला होता.

सगळ्यात दुखरी जागा इन्फोची ‘डिर’ फाइल. सगळ्या माहितीपुस्तिकांची ही एकच अनुक्रमणिका, आणि जो तो तिच्यात आपली ओळ घुसडायला बघतो. पहिला आला तो मालक, बाकीचे दारात अडकले. तलाठ्यांनी ती कुणाच्याच नावावर ठेवली नाही. अधूनमधून पुसतात आणि ‘इन्स्टॉल-इन्फो’कडून नव्याने करून घेतात. ‘सू’ आणि ‘पासवर्ड’ या कमांडींचं दुःख वेगळं. चालवणारा कुणीही असो, त्यांना रूटच्या अधिकाराने काम करायचं असतं, म्हणून त्यांची मालकी रूटकडेच द्यावी लागते. तलाठ्यांच्या वहीत अशा फायलींपुढे ‘सरकारजमा’ असा शेरा आहे.

डेबियन या तयार लिनक्समध्ये ‘ही फाइल अमुक पॅकेजचीही आहे’ असं सांगून पॅकेजं बसवणारं डीपीकेजी आपणहून थांबतं, हे त्यांना ठाऊक आहे. पण तिथेच ‘फोर्स-ओव्हरराइट’ नावाची पळवाटही आहे, आणि ती वापरणाऱ्याशी ते आठवडाभर बोलत नाहीत.

एवढ्या टापटिपीच्या यंत्रावर ब्राउझर मात्र नाही. तो कंपाइल व्हायला तासन्‌तास लागतात, आणि त्याच्या पोटातल्या लायब्ऱ्या कुणाच्या, हा वाद अजून मिटलेला नाही. रेल्वेचं तिकीट काढायचं तर ते वहिनींचा मोबाइल मागतात.

हसू येतं खरं, पण एखादं पॅकेज काढून टाकायचं झालं की तलाठी ‘फाइंड’ला त्या यूजरचं नाव सांगतात आणि एका ओळीत त्याच्या सगळ्या फायली समोर येतात. आपण मात्र कुठल्या फायली कुणी टाकल्या, हे शोधत बसतो. तेव्हा हाताने बांधलेलं काही यंत्रावर चढवणार असाल, तर निदान आधी ‘डेस्टडिर’ देऊन वेगळ्या डिरेक्टरीत बसवा, यादी डोळ्यांखालून घाला आणि मगच पुढे जा. तलाठ्यांना विचारायला जाणार असाल, तर घरून जेवून निघा.