नाव सांगितल्याचे पैसे

इटलीत भाड्याची गाडी स्वतः चालवून आलेली मंडळी वर्षभर पोस्टमनला बिचकून असतात. फोटो दाखवून झालेले असतात, चीज संपलेलं असतं, ‘तिकडे कोणी हॉर्न वाजवत नाही’ हे अख्ख्या सोसायटीला पाठ झालेलं असतं, आणि मग फ्लॉरेन्सहून पाकीट येतं. जुन्या शहरातल्या गाडीबंदीच्या हद्दीत, म्हणजे झेडटीएलमध्ये, परवानगीशिवाय शिरलात. परदेशी पत्त्यावर नोटीस धाडायला तिथल्या कायद्यात ३६० दिवसांची मुदत आहे. घाई कोणालाच नाही.

दंडाबद्दल माझी तक्रार नाही. लाल वर्तुळाची पाटी होती, वर कॅमेरा होता. माझा जीव अडकलाय तो या पाकिटाच्या किती तरी आधी क्रेडिट कार्डावरून गुपचूप गेलेल्या चाळीस-पन्नास युरोंत. तो दंड नव्हेच. पोलिसांनी गाडीवाल्या कंपनीला विचारलं, त्या दिवशी गाडी कोणाकडे होती? कंपनीने नाव-पत्ता सांगितला. ही त्या सांगण्याची फी. वर व्हॅट.

खबऱ्याला पैसे द्यायचे ते पोलिसांनी, अशी आमची जुनाट समजूत. इथे ज्याची खबर दिली त्यानेच खबऱ्याचं बिल भागवायचं! शिवाय ही फी दर नोटिशीमागे. वाट न उमगलेला माणूस रोज त्याच गल्लीत शिरतो, कॅमेरा दर दिवसाचा वेगळा गुन्हा नोंदवतो आणि कंपनी दर गुन्ह्याला तेच नाव नव्याने सांगते. दुसऱ्यांदा सांगताना काय कष्ट पडतात? आडनाव मध्येच बदलतं? आमच्या तळमजल्यावरच्या काकू गेली कित्येक वर्षं ‘कोणाकडे कोण आलं होतं’ हे पत्त्यासकट, न विचारता आणि पूर्ण फुकट सांगतात. त्यांनी हा दर लावला असता तर आज त्या स्वतःच फ्लॉरेन्सला राहिल्या असत्या, तेही झेडटीएलच्या आत, रीतसर परवान्यासह.

आणि आमचे प्रवासी? ते भरतात. पाच दिवसांत भरलं तर दंडात तीस टक्के सूट, म्हणून चौथ्याच दिवशी भरतात, पावती ग्रुपवर टाकतात आणि खाली लिहितात, ‘याला म्हणतात सिस्टीम.’ अहो, तुमच्या स्कूटरवर हेल्मेटची, सिग्नलची, उलट्या दिशेने घुसल्याची ई-चलनं साचली आहेत, ती लोकअदालतीत निम्म्यात मिटतील म्हणून तुम्ही वर्षानुवर्षं दाबून बसलाय, आणि परक्या कंपनीला तुमचंच नाव सांगितल्याबद्दल युरो मोजताना तुमचा ऊर भरून येतो? इथला हवालदार भर उन्हात उभा राहून तेच नाव विचारतो, एक पैसा न घेता, तेव्हा त्याला काय ऐकवता? ‘मी कोण आहे, माहीत आहे का?’